स्पॅनिशमधला ‘त्येम्पो’: तो वेळ, ती वेळ आणि बाहेरची हवा

आधी उच्चार. कापूस भरून जिनिंगला जातो तो टेम्पो इथे विसरा. ‘त’ दाताला जीभ लावून म्हणायचा आणि ‘त्ये’ एका दमात: त्येम्‌-पो, दोनच तुकडे. शब्द पुल्लिंगी, एल त्येम्पो. (पुढचे उच्चार लॅटिन अमेरिकेतले आहेत, स्पेनच्या बऱ्याच भागात ‘आसे’चा ‘आथे’ होतो.)

अर्थाच्या बाबतीत मराठी माणूस सुरुवातीलाच पुढे असतो, फक्त त्याला ते कोणी सांगत नाही. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ आली’ यांत आपण कधी गफलत करत नाही. तो वेळ म्हणजे खर्च होणारा, मोजता येणारा काळ, तिथे त्येम्पो. ती वेळ म्हणजे ठरलेला क्षण, तिथे ओरा. जेवायची वेळ झाली: एस ओरा दे कोमेर. किती वाजले: के ओरा एस? इथे ‘त्येम्पो’ घातलं की वाक्य फसलंच. आणि ‘तीन वेळा’ मधली वेळ तिसरीच, तिला बेस, अनेकवचनी बेसेस. तीनदा बाजारात गेलो, तर त्रेस बेसेस. ‘त्रेस त्येम्पोस’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते चूक.

दुसरी अडचण ‘मला’ची. ‘मला वेळ आहे’ हे शब्दाला शब्द लावून ‘आ मी आय त्येम्पो’ होतं, आणि ते कोणी बोलत नाही. स्पॅनिशमध्ये वेळ जवळ बाळगायचा असतो: तेंगो त्येम्पो. नाही तर नो तेंगो त्येम्पो. गंमत म्हणजे ‘मला फार वेळ लागतो’ इथे मात्र आपला ‘मला’ जसाच्या तसा चालतो: मे येबा मुचो त्येम्पो. एक वाक्य जमलं म्हणून दुसरं त्याच साच्यात ओतू नये.

छोट्या शब्दांनी अर्थ कसा फिरतो तेही पाहा. एसटी वेळेवर आली, तर आ त्येम्पो. एसटी चुकू नये म्हणून हाताशी वेळ ठेवून निघालात, तर कोन त्येम्पो. त्यात ‘एल’ घुसला, कोन एल त्येम्पो, की अर्थ होतो ‘हळूहळू, दिवस जातील तसं’.

आता हवा. पावसापाण्याची चौकशी करायची तर के त्येम्पो आसे? हवा चांगली, आसे ब्वेन त्येम्पो. खराब, आसे माल त्येम्पो. क्रियापद ‘आसे’च, ‘एस’ नाही. पण हेच ‘आसे’ गेलेला काळ मोजायलाही येतं. पऱ्हाटी माना टाकते आहे, वावराला भेगा पडल्या आहेत आणि आभाळ कोरडं, तर: आसे त्येम्पो के नो युएबे, बरेच दिवस झाले पाणी नाही. यात हवा कशी आहे हे सांगितलेलंच नाही, फक्त किती काळ लोटला ते. ओळखायची खूण अशी: त्येम्पोच्या आधी ब्वेन किंवा माल असेल तर बहुधा हवा; आधी काहीच नाही किंवा ‘मुचो’ आहे, तर काळ. वर्षानुवर्षांचं हवामान सांगायला क्लिमा, जरी लॅटिन अमेरिकेत आजच्या हवेलाही लोक सर्रास क्लिमा म्हणतात.

व्याकरणातला काळ आणि फुटबॉल सामन्याचा अर्धा भाग, दोन्ही त्येम्पोच. पहिला हाफ म्हणजे प्रिमेर त्येम्पो.

‘देल त्येम्पो’ जरा जपून. फ्रूता देल त्येम्पो म्हणजे हंगामातलं फळ. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास उतरतात तेव्हा त्यांना हे शोभतं. पण स्पेनमध्ये आग्वा देल त्येम्पो मागितलं तर फ्रिजमधलं नसलेलं, साधं पाणी मिळतं. मेक्सिकोत त्यालाच आल त्येम्पो म्हणतात. मे महिन्यात अकोल्यात कोणी असं पाणी मागेल असं वाटत नाही.

अनेकवचन बेतानं वापरायचं. खूप वेळ म्हणजे मुचो त्येम्पो, एकवचनीच. त्येम्पोस येतं ते बहुतेकदा एक तर ‘दिवस’ या अर्थानं, त्येम्पोस दिफीसिलेस म्हणजे कठीण दिवस, नाही तर इंजिनाच्या स्ट्रोकसाठी. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाला ज्यात ऑइल मिसळूनच पेट्रोल घालावं लागतं ते टू-स्ट्रोक इंजिन असतं, त्याला स्पॅनिशमध्ये मोतोर दे दोस त्येम्पोस म्हणतात. फोर-स्ट्रोक असेल तर क्वात्रो त्येम्पोस.