डिकीतला ढोल

वूफर, म्हणजे ढोलासारखा जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, बंद पडलेल्या गाडीत गाणी ऐकणं म्हणजे तर्री न घालता मिसळ खाणं. शब्द कळतात, बासरी नीट ऐकू येते, पण मजा येत नाही. नाशिककराला हे जरा जास्तच टोचतं. ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथल्या माणसाला ठेका आधी छातीत कळतो, मग कानाला.

छातीत कळणारा हा आवाज साधारण 20 ते 80 हर्ट्झचा. त्यातली 50 हर्ट्झची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब, म्हणजे अख्ख्या गाडीहून मोठी! ठेका नेमका कुठून येतोय हे कानाला सांगताच येत नाही. म्हणून तर वूफर डिकीत टाकला तरी चालतं.

आमच्या वूफरने एकदम मान टाकली नाही. आधी द्वारकेच्या चौकात चाक खड्ड्यात गेलं की तो गप्प व्हायचा आणि सरळ रस्ता लागला की पुन्हा सुरू. पाऊस सरता सरता त्याने बोलणंच टाकलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिकी उघडी दिसली की माणसं जमतात आणि प्रत्येकाचं निदान तयार असतं. “अहो, अँप उडालाय. नवा टाका,” खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. अँप म्हणजे वूफरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. ॲक्सेसरीजच्या दुकानातही गाडी न बघताच हेच ऐकलं. अँप सगळ्यात महाग, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. माझं मत अगदी उलटं आहे. महागाच्या वस्तूवर संशय शेवटी घ्यावा, कारण स्वस्तातल्या वस्तू तपासायला पैसे पडत नाहीत.

वूफरच्या वायरी अँपवरून सोडवून दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवल्या. वूफरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, ‘ढप्’ करून हलला. त्याला हलवणारी आतली तारेची कॉइल जिवंत होती. 4 ओहमचा वूफर मल्टिमीटरवर 4 पेक्षा जरा कमीच दाखवतो, तसाच याने दाखवला. बॅटरीजवळचा फ्यूज शाबूत. राहिल्या अँपच्या तीन वायरी: बॅटरीकडून आलेली जाड लाल, डेक (गाडीतला म्युझिक प्लेअर) चालू झाला की अँपला जागं करणारी बारीक रिमोट वायर आणि गाडीच्या बॉडीला कसलेली काळी.

अँपच्या लाल आणि काळ्या वायरीला मीटर लावला तर 12 व्होल्ट व्यवस्थित! इथेच माणूस फसतो आणि नवा अँप घेऊन येतो. मीटर स्वतः जेमतेम करंट ओढतो, त्यामुळे गंजक्या सांध्यातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. अँपला ठोका मारायला मात्र भरपूर करंट लागतो, आणि तो गंजातून जात नाही. म्हणून वूफर परत जोडला, मीटर तसाच ठेवला आणि गाणं लावलं. पहिल्या ठोक्यालाच 12 चे 7 झाले आणि अँपचा दिवा मिणमिणून विझला. मग उरलेले 5 कुठे गेले? मीटरचं एक टोक अँपच्या काळ्या वायरीवर आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरून पुन्हा गाणं लावलं. जिथे जवळपास शून्य यायला हवं, तिथे ते 5 सापडले.

काळ्या वायरीचा माग काढत स्टेपनीजवळचं कार्पेट उचललं, तर खालून ओला कुबट वास. डिकीच्या रबरातून पावसाचं पाणी झिरपत होतं. बसवणाऱ्याने रंग न खरवडता स्क्रू रंगावरच पिळलेला, आणि त्याच्याभोवती तांबूस खपल्या. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, वायरीच्या टोकाला नवी थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावली, बोल्ट आवळून वर ग्रीसचं बोट फिरवलं. रबर अजून बदलायचंय, तोवर डिकीत जुना टॉवेल.

बॅटरी जोडून गाणं लावलं, तेव्हा काका पुन्हा खाली आले. “झाला का नवा? जरा हळू लावा, खिडक्या थरथरतायत.” नवा नाही, जुनाच आहे, हे त्यांना काही पटलं नाही.

आता मागची नंबरप्लेट प्रत्येक ठोक्याला खडखडते. तिच्यामागे रबरी वायसर टाकून बघतो.