कॅनन की पॅनासॉनिक : धुळीच्या मुलखात कॅमेरा निवडताना

जुना डीएसएलआर विकायचा हे आधीच ठरलं होतं. कॅमेऱ्यात खोट काही नव्हती. पण लेन्स धरून वजन किलोच्या वर, आणि तो गळ्यात अडकवून कुणाच्या घरात शिरलं की माणसं उठून उभी राहतात, पदर सारखा करतात, पोरांना पुढे ढकलतात. मला तर ती बसलेली हवी असतात, जशी असतात तशी. खानदेशातल्या अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातली धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं, ओट्यावरच्या म्हाताऱ्या, आठवडे बाजार, सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि फाल्गुनात सातपुड्यातल्या काठी गावची होळी हे माझे विषय. शाळेची नोकरी सांभाळून रविवारी जेवढं होतं तेवढं.

"मोबाइल आहे ना हातात" हे घरच्यांनी, स्टाफरूमने आणि चहावाल्यानेही सांगून झालं. दिवसाउजेडी मोबाइल झकास आहे, वाद नाही. पण धाब्याच्या घरात भर दुपारीही अंधार असतो. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा खाली येतो आणि बाकी खोली काळी राहते. त्या काळेपणातच खरी मजा आहे. मोबाइल ती सगळी खोली सारखी उजळून देतो, कोपऱ्यातली उतरंडही ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखी दिसते. सेटिंग बदलून थोडं सावरता येतं, पण प्रत्येक वेळी मोबाइलशी भांडायचा मला कंटाळा आला होता.

म्हणून मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट, म्हणजे अंग लहान पण आतली उजेड टिपणारी पट्टी मोठी. यातले गाजलेले कॅमेरे बहुतेक एकाच फोकल लेन्थचे, म्हणजे झूम नसलेले. (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद.) रिको जीआर थ्री २८ मिमीचा, त्याचा भाऊ थ्री-एक्स ४० मिमीचा, फुजीचा एक्स १०० सिक्स ३५ मिमीचा. (हे आकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशेबाने, पुढेही तसेच समजा.) फुजीचा तो कॅमेरा फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि सगळ्या जगाने त्याच्यासाठी नंबर लावले. माझं बजेट साठ हजारांच्या आत, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. शिवाय मला झूम हवा होता. होळीच्या रिंगणात नाचणाऱ्याच्या अंगावर जाऊन फोटो काढता येत नाही, काढूही नये.

झूम, मोठा सेन्सर आणि लहान अंग या तिन्ही अटी घातल्यावर दोनच नावं उरली. कॅननचा जी १ एक्स मार्क थ्री, २०१७ चा. आणि पॅनासॉनिकचा एलएक्स १०० मार्क टू, २०१८ चा. दोन्ही सेकंडहँडच बघायचे होते. वजनात फरक नाही म्हटलं तरी चालेल, ३९९ ग्रॅम आणि ३९२ ग्रॅम. झूमही सारखाच, एकाचा २४ ते ७२, दुसऱ्याचा २४ ते ७५. पॅनासॉनिकचंच पिल्लू लायका स्वतःच्या नावाने डी-लक्स ७ म्हणून विकत असे, आणि २०२४ च्या डी-लक्स ८ मध्येही १७ मेगापिक्सेलचा फोर थर्ड्‌स सेन्सर आणि २४-७५ झूम हीच जोडी ठेवली. लायकाच्या लाल टिकलीचे पैसे वेगळे.

कागदावर मला कॅननच घ्यायचा होता. त्याचा सेन्सर एपीएस-सी, कॅननच्या साध्या डीएसएलआरमध्ये असतो तेवढाच, २२.३ गुणिले १४.९ मिमी. पॅनासॉनिकचा फोर थर्ड्‌स, १७.३ गुणिले १३. त्यातही पॅनासॉनिक पूर्ण सेन्सर वापरत नाही. लेन्सवरच्या बटणाने ३:२, ४:३, १६:९ असे आकार बदलता यावेत म्हणून कडा सोडून देतो, आणि हाती १७ मेगापिक्सेल येतात. कॅननचे २४. प्रत्यक्ष वापरात येणारं क्षेत्रफळ बघितलं तर कॅनन जवळपास पावणेदोन पट मोठा. मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न लेन्समध्ये होता, आणि तो जळगावच्या एका स्टुडिओवाल्या मित्राने दाखवला. लग्नाच्या कामाला त्याच्याकडे मोठे मिररलेस आहेत, पण स्वतःच्या हौसेसाठी एलएक्स १०० मार्क टू बाळगून आहे. ("लग्नात हा काढला ना भो, तर नवरदेवाचा बाप विचारतो, फोटोग्राफर कुठे आहे?") तो म्हणाला, "तुम्ही गणिताचे मास्तर. फोकल लेन्थला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागा आणि मग मला सांगा."

भागलं. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं.) कॅननची लेन्स प्रत्यक्षात १५ ते ४५ मिमी, अ‍ॅपर्चर एफ २.८ ते ५.६. पॅनासॉनिकची १०.९ ते ३४ मिमी, एफ १.७ ते २.८. झूम पूर्ण ओढला की कॅननच्या लेन्सचं तोंड ४५ भागिले ५.६, म्हणजे ८ मिमी. पॅनासॉनिकचं ३४ भागिले २.८, म्हणजे १२ मिमी. दृश्य तेवढंच, पण उजेड आत येतो तो या तोंडाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा सव्वादोन पट उजेड जास्त गोळा करतो! रुंद टोकाला, २४ मिमीवर, फरक कमी होतो: ५.४ मिमी विरुद्ध ६.४ मिमी, सुमारे १.४ पट. तरी पारडं पॅनासॉनिककडेच. टाकी कॅननची मोठी आणि नळ पॅनासॉनिकचा मोठा, असा हा मामला. सेन्सरचा आकार सगळे सांगतात. नळाचं सांगणारा हा पहिलाच भेटला.

गणितावर विश्वास आहे, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. नाशिकच्या मावसभावाकडे कॅनन होता, तो थोड्या दिवसांसाठी मागून आणला. स्टुडिओवाल्याने त्याचा पॅनासॉनिक दिला. जानेवारी होता, म्हणजे भरीत पार्टीचे दिवस, आणि ओळखीच्या जिभाऊंच्या मळ्यातलं आमंत्रण होतंच. याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? शेतात अंधार, मध्ये कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवी वांगी, आणि जाळाभोवती अर्धे उजेडात, अर्धे अंधारात बसलेले चेहरे.

दोन्ही कॅमेऱ्यांना शटर १/६० वर बांधलं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ऑटोवर. लाकडी बडगीत वांगी ठेचणाऱ्या माणसाचा चेहरा झूम ओढून टिपला. कॅननने आयएसओ ६४०० घेतला, पॅनासॉनिकने १६००. घरी लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवून बघितलं. कॅननच्या फोटोत गालाच्या सावलीत रांगोळी सांडल्यासारखे दाणे, पॅनासॉनिकच्या फोटोत घामाचा ओघळ वेगळा कळतो. तेच २४ मिमीवर काढलेले सगळ्या घोळक्याचे फोटो मात्र माझ्या बायकोला वेगळे ओळखता आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर कोणता कोणाचा हे नाव बघितल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं.

जिभाऊ कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघत होते. किंमत विचारली. मी सेकंडहँडचाच भाव सांगितला तरी म्हणाले, "इतला पैसास्मा तं म्हैस ई जाई!"

इथवर पॅनासॉनिक जिंकलेला होता. अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सवर, शटर स्पीडची तबकडी डोक्यावर. बंद कॅमेऱ्याकडे नुसतं बघून कळतं की काय लावलंय. जवळ जाण्यातही तो पुढे, रुंद टोकाला ३ सेंमीपर्यंत, कॅनन १० सेंमी. ४के व्हिडिओ पॅनासॉनिकमध्ये आहे, कॅननमध्ये नाही. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार कॅननची सुमारे २०० फोटो, पॅनासॉनिकची ३४०.

पण फोटो काढताना माणसांचं काय होतं ते बघायला हवं होतं, म्हणून दोन्ही घेऊन पारोळ्याकडच्या एका गावी ओळखीच्या घरी गेलो. घरातल्या मोठ्याई झरोक्याखाली बसून लसूण सोलत होत्या. पॅनासॉनिकची स्क्रीन पाठीला घट्ट बसवलेली, हलत नाही. बसलेल्या माणसाच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर गुडघे टेकून वाकावं लागतं, नाहीतर व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागतो. वाकलो की त्यांचे हात थांबायचे. "काय रे भाऊ, काही पडलं का तुझं?" कॅननची स्क्रीन बाहेर उघडते आणि हवी तशी फिरते. मी समोर मांडी घातली, कॅमेरा मांडीवर, नजर खाली. बोटाने स्क्रीनवर चेहरा दाखवला की फोकस तिथे चिकटून बसतो, पुढचं नुसतं क्लिक. दोघांचंही शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज जवळजवळ नाही. गप्पा चालू राहिल्या, लसूणही चालू राहिला. त्या दुपारचे चांगले फोटो सगळे कॅननचे निघाले, आणि त्यात सेन्सरचा किंवा लेन्सचा काही वाटा नव्हता.

त्यानंतर धूळ. आमच्याकडे मार्चपासून वावटळी उठतात. घोडेबाजारात तर घोडा पळवून दाखवतात तेव्हा पाच मिनिटं समोरचं दिसत नाही. या कॅमेऱ्यांची लेन्स बंद करताना आत जाते, सुरू करताना बाहेर येते, आणि येताना बाहेरची हवा आत ओढून घेते. कॅननला धूळ आणि थेंबांपासून बचाव दिलेला आहे, पॅनासॉनिकला नाही. बचाव म्हणजे कॅमेरा विहिरीत टाकला तरी चालेल असं नव्हे, पण काहीतरी आडोसा आहे. लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सरवर कण बसला तर घरी ब्लोअर मारून जमत नाही, कॅमेरा खोलावा लागतो. हे काम करणारा माणूस जळगावात मला सापडला नाही. म्हणजे मुंबई किंवा पुणे, आणि मग महिनाभर वाट बघा. शहरात राहणाऱ्याने या मुद्द्याकडे दुर्लक्ष केलं तर चालेल. खानदेशात चालत नाही. (उन्हाचं बोलायलाच नको. असे कॅमेरे ० ते ४० अंशांत वापरायचे असतात. म्हणजे भुसावळकरांनी मे महिन्यात कॅमेरा कपाटातच ठेवायचा!)

तरी तो सव्वादोन पट उजेड मनातून जात नव्हता. शेवटी जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेन्थ नोंदलेली असते, त्याप्रमाणे गाळणी लावली. झूमसाठी एवढा हट्ट धरणारा मी, आणि मला आवडलेल्या फोटोंपैकी बहुतेक २४ ते २८ च्या दरम्यानचे. लांबचे होते ते जवळपास सगळे भर उन्हातले. पॅनासॉनिक ज्या टोकाला खरा भारी पडतो, त्या टोकाला मी अंधारात जातच नाही. गेलो तर वर्षातून एकदा, होळीला. कॅनन घ्यायचं ठरलं.

खरेदीला खानदेश एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, फोर्टातल्या बोरा बाजारात. सेकंडहँड बघताना दुकानदाराच्या घाईत यायचं नाही. अ‍ॅपर्चर एफ १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात बघायचा. सेन्सरवर कण असेल तर करडा ठिपका दिसतो, पुढच्या फोटोतही त्याच जागी. उघड्या अ‍ॅपर्चरला तो दिसत नाही. मग मोबाइलच्या टॉर्चने लेन्समध्ये तिरपा उजेड टाकायचा, बुरशीची जाळी असेल तर चमकते. मुंबईच्या दमट हवेतल्या कॅमेऱ्यांना ही खोड असते. दाखवलेल्या पहिल्या कॅननमध्ये कडेला बारीक जाळी होती. "फोटोत येत नाही हो साहेब" असं उत्तर मिळालं. आज येत नाही, उद्या येईल. तो परत केला. पुढच्या दुकानातला स्वच्छ निघाला. झूम पुढेमागे करून मोटरचा आवाज ऐकला, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहिलं, स्क्रीनची बिजागरी सैल नाही ना ते पाहिलं. आहे त्याच भावात एक बॅटरी जास्तीची पाडून घेतली. बिल मात्र हट्टाने पक्कं घेतलं.

काठीला यंदा तोच नेला. डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घालून नाचणारे बुध्या, कमरेचे घुंगरू, रात्रभराचा ढोल, पहाटे पेटणारी होळी. रुंद टोकाला, एफ २.८ वर, जाळ वर चढला तेव्हाचे फोटो मनासारखे आले. झूम ओढून काढलेले चेहरे दाणेदार आहेत, त्यातले बरेच काळे-पांढरे करून ठेवले. स्टुडिओवाल्या मित्राला दाखवले तर त्याने नेमका त्यातलाच एक मोठा करून म्हटलं, "हा माझ्याकडे असता तर?" त्याचं बरोबर आहे. बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. बदललेल्या बॅटऱ्या चार्ज करायला गावात एकच बोर्ड मोकळा होता आणि त्यावर आधीच मोबाइलची रांग होती. पुढच्या वर्षासाठी आणखी एक बॅटरी मागवली आहे.