बहात्तर तासांचा कागद

"हे अजून ठेवलंयस होय?" गाडीची डिकी साफ करताना आईच्या हातात चौपदरी घडीचा कागद आला. माझा कोरोनाचा आरटी-पीसीआर रिपोर्ट. निगेटिव्ह. घडीवरची अक्षरं पुसलीत, शिक्का तेवढा जांभळा.

२०२१ साल. मावशी महाराष्ट्रात कागलला आजारी, आम्ही कर्नाटकात निपाणीत. जाणं सोपं. परत येताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर हा कागद दाखवायचा, तोही ७२ तासांच्या आतला. पोलिसानं नाव वाचलं नाही, निकालही वाचला नाही. तारीख बघितली, बोटांवर दिवस मोजले आणि कानडीत म्हणाला, "होगी." म्हणजे जा.

आई आज विचारते, "मग त्र्याहत्तराव्या तासाला काय होत होतं रे?"

मी समजावायला गेलो. स्वॅब घेतला त्या वेळचंच त्यातून कळतं, नंतरचं नाही. बोलता बोलता अडकलो. धोका वाढत जातो हे शास्त्र सांगतं. रेघ नेमकी कुठं मारायची, ते कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं. मारायला लागतेच म्हणा, नाक्यावरचा पोलीस आलेख कुठं बघत बसणार?

पण मग ती रात्रीची संचारबंदी आठवली. तज्ज्ञांचा सल्ला म्हणून कर्नाटक सरकारनं २३ डिसेंबर २०२० ला जाहीर केली आणि २४ ला, सुरू व्हायच्या आधीच, मागं घेतली. कारण सांगितलं, लोकांना गरज वाटत नाही! विषाणू तोच, तज्ज्ञही तेच.

निदान तेव्हा कारण तरी सांगितलं. ७२ चं कुणी सांगितलं होतं का तुम्हाला?