ते कोणाच्या बाजूने होते?

मी 1994 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो, चौदा वर्षे तिथल्या एका माडिया आदिवासी गावात राहिलो आणि उरलेली नोकरी धानोरा तालुक्यात करून निवृत्त झालो. नोकरी कुठे झाली हे कळले की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: तिथले लोक नक्की कोणाच्या बाजूने होते, नक्षलवाद्यांच्या की सरकारच्या? आजवर मी हा प्रश्न टाळत आलो. मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचे वरिष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवल्यापासून हाच प्रश्न एखाद्या संपलेल्या सामन्याविषयी विचारावा तसा विचारला जाऊ लागला आहे, आणि ते मला सहन होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगतो.

आधी हे लक्षात घ्यावे लागेल की माझ्या गावाला सरकार पहिल्यांदा भेटले ते वनरक्षकाच्या रूपात. शाळा, दवाखाना, रस्ता हे सारे फार नंतरचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात लोकांनी मोहफुले वेचली, बांबू तोडला आणि धान पेरले, ते रान कागदोपत्री जंगल खात्याचे होते आणि त्यातली शेती हे अतिक्रमण होते. तिकडे तिला जबरान जोत म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्याचा अर्थ विचारावा लागला होता. ज्याने सांगितला तो स्वतःच्या आजोबांनी साफ केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभा होता. त्या बांधीसाठी दर हंगामात कोंबडी, पैसे किंवा फुकटची मजुरी द्यावी लागे, आणि ती न दिल्यास खटला होई, हे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याने मला सांगितले असते. सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा, पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे ते बोलत.

अशा मुलखात 1980 च्या सुमारास प्राणहिता नदी ओलांडून दलमे, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्या, आली. त्याच वर्षी कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्रात पीपल्स वॉर हा गट स्थापन केला होता आणि गोदावरीच्या पलीकडचे जंगल त्यांना आसऱ्यासाठी हवे होते. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. दलमांनी आल्या आल्या कोणाला माओ शिकवला नाही. त्यांनी वनरक्षकाला गावासमोर उभे करून जाब विचारला आणि बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांच्या ठेकेदाराला मजुरीचा दर वाढवायला लावला. उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात पहाटे तीनला उठून पाने तोडायची, दुपारभर बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचा, हे काम ज्याने पाहिले आहे त्याला पुड्यामागे वाढलेल्या काही पैशांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. जे काम कायद्याने व्हायला हवे होते ते बंदुकीने झाले, ही गोष्ट त्या पिढीने कधीच विसरली नाही. मीही ती नाकारणार नाही.

पण तेच दलम पुढे स्वतःच एक सरकार झाले. ठेकेदाराला हाकलून लावण्याऐवजी त्याच्याकडून हंगामाला पैसे घेऊ लागले, म्हणजे ठेकेदार टिकणे ही त्यांचीही गरज झाली. गावाला काय करायचे आणि काय नाही याचे हुकूम येऊ लागले: रस्त्याच्या कामावर जायचे नाही, मतदान करायचे नाही, घरटी एकाने सभेला यायचेच. आणि जेवण. रात्री दहा-बाराच्या सुमारास कुत्री भुंकायला लागली की माझ्या शेजारची बाई काही न बोलता चूल पेटवायची. पंधरा-वीस माणसे जेवून निघून गेली की ती अंधारातच सगळ्या पत्रावळ्या गोळा करून चुलीत घालायची, कारण सकाळी पोलिसांचे पथक आले तर पत्रावळ्या मोजून रात्री किती माणसे येऊन गेली ते कळत असे. पळसाची ओली पाने नीट जळत नाहीत. ती वाकून फुंकत बसलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. सकाळी पथक यायचेच, आणि भात खाऊ घातल्याबद्दल तिच्या नवऱ्याला गोटुलपाशी, म्हणजे गावाच्या सामाईक घरापाशी, उन्हात बसवून ठेवले जायचे. एकदा पथकानेच दुपारचे जेवण शिजवायला लावले. तो संध्याकाळी मला एवढेच म्हणाला, "तांदूळ दोन्ही वेळा आमचेच गेले, गुरुजी."

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वाक्यात दिसते. तुम्ही दोन बाजू धरता आणि गावाने त्यांतली एक निवडली असेल असे मानता. गावाच्या दृष्टीने मात्र ती दोन राज्ये होती, एक रात्रीचे आणि एक दिवसाचे, आणि त्यांपैकी एकानेही गावाला कधी विचारले नव्हते.

एका 26 जानेवारीला शाळेच्या खांबावर काळा झेंडा लावलेला होता आणि पायथ्याशी दगडाखाली पत्रके होती. खांबाला हात लावायचा नाही एवढी समज मला होती, कारण अशा झेंड्याखाली स्फोटके पुरलेली असू शकतात. मुले आंघोळ करून, केसांना तेल लावून आलेली. मी त्यांना वर्गात घेतले, तिरंगा टेबलावर पसरला आणि आम्ही दार लावून राष्ट्रगीत म्हटले. दोन दिवसांनी झेंडा का फडकवला नाही याचा जबाब मला द्यावा लागला. त्यानंतर आठवडाभरात एका रात्री दारावर थाप पडली आणि राष्ट्रगीत का म्हटले याचाही जबाब द्यावा लागला. मी बाहेरचा, पगारी माणूस होतो, बदली मागू शकत होतो. गावाला बदली नव्हती.

एका गोष्टीबद्दल मी दलमाला कधीही माफ करू शकलो नाही. गावातला एक तरुण जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला दोन-तीन खेपा घालून आला आणि तिथे पोलीस ठाण्याच्या आवारात बसलेला कोणाला तरी दिसला. त्याला रात्री घरातून नेले. सकाळी तो गावाबाहेरच्या वाटेवर पडलेला होता आणि छातीवर पत्रक होते: पोलिसांचा खबऱ्या. त्याची मुलगी माझ्याकडे दुसरीत होती. ती पाचव्या दिवशी शाळेत आली आणि पाटीवर नेहमीप्रमाणे बापासकट स्वतःचे पूर्ण नाव लिहून माझ्यासमोर धरली. गडचिरोलीत गेल्या चार दशकांत नक्षलवाद्यांनी पाचशेहून अधिक सामान्य नागरिकांना मारले, आणि त्यांतले बहुसंख्य आदिवासी होते. आदिवासींच्या मुक्तीची भाषा करणाऱ्या चळवळीचा हिशेब मला याच आकड्यापासून मांडावासा वाटतो.

दुसऱ्या बाजूचे हिशेबही राहिलेले आहेत. संशयावरून पकडलेली, वर्षानुवर्षे तुरुंगात राहिलेली आणि शेवटी पुराव्याअभावी सुटलेली माणसे मला ठाऊक आहेत. सुटून आल्यावर त्यांच्याशी दोन्ही राज्यांची माणसे संशयानेच बोलत. तरीही पोलीस म्हणजे कोणी परके होते असे चित्र मी रंगवणार नाही. 1990 मध्ये उभे राहिलेले सी-60 हे पोलिसांचे नक्षलविरोधी पथक स्थानिक मुलांचेच होते. माझ्या वर्गात एकाच सतरंजीवर बसणारे दोघे होते. एक पुढे दलमाबरोबर गेला, दुसरा पोलिसात भरती झाला, आणि दोघांच्या आया आठवडी बाजारात एकाच झाडाखाली मोहफुले विकायला बसत राहिल्या. 2009 मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे एकाच वर्षात 40 हून अधिक पोलीस मारले गेले. मरकेगावच्या वेळी मी धानोरा तालुक्यातच होतो आणि त्यानंतर कित्येक दिवस शाळेत मुले खालच्या आवाजात बोलत होती.

त्याच 2009 मध्ये आमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट घडली, जिची आठवण कोणी काढत नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली मेंढा-लेखा या गोंड गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथले नेते देवाजी तोफा यांच्या या गावाची घोषणा त्याआधीपासूनची होती, पण आता तिला कायद्याचा कागद मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे आणि तो मिळत नसे. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले, अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकू लागल्या, आणि फळीवरचा हिशेब गावातलीच बारावी झालेली मुले लिहू लागली. ते सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवल्याच्या तक्रारी मी स्वतः लिहून दिल्या आहेत. पण दलमाची गरज ज्या दोन कारणांनी निर्माण झाली होती, वनरक्षक आणि ठेकेदार, त्या दोघांशीही गाव आता स्वतः बोलू लागले होते. चकमकींनी दलमे संपवली हे खरेच आहे, ते मी लपवत नाही. पण गावांतून नवी मुले जायची का थांबली याचे निम्मे श्रेय मी त्या परवान्याच्या पुस्तकाला देतो, आणि हे निम्मे कोणत्याही भाषणात ऐकू येत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून संपलेल्या सामन्यासारखा सूर मला टोचतो. सुरजागडच्या डोंगरातून आता लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस निघतात. त्या डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि परिसरातल्या ग्रामसभांनी खाणीला हरकत घेतलेली आहे. तिथे जाळपोळ करणारे आता नाहीत, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जंगल कोणाचे, हे विचारणारी माणसे मात्र आहेत, आणि ती कागद घेऊन विचारत आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी आता एटापल्ली तालुक्यात त्याच्या ग्रामसभेचे काम पाहतो. गेल्या महिन्यात त्याने मोबाईलवर ठरावाच्या मसुद्याचा फोटो पाठवला आणि मराठी तपासून द्यायला सांगितले. बांबूच्या कूपाविषयीचा, म्हणजे तोडीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्याविषयीचा, ठराव होता, 43 जणांच्या सह्या आणि अंगठे होते. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि "विनंती करण्यात येते" या शब्दांखाली रेघ मारून विचारले की हे असेच ठेवायचे का. त्याने थोड्या वेळाने नवा कागद पाठवला. त्यात "ग्रामसभा निर्णय घेत आहे" असे लिहिले होते.