विजेवरचा आळ : मे महिन्यातलं कास

कासला गर्दी असते ती सप्टेंबरात. मे महिन्यात तिथे जाऊन काय बघणार, असं घरात विचारलं गेलंच. मला वळीव बघायचा होता, आणि तो सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, जसा येताना दिसतो तसा शहरातून दिसत नाही.

समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि पहिल्या काही वळणांतच उतरणी काळ्या दिसू लागल्या. गवत साफ गेलेलं, करवंदीच्या जाळ्यांची नुसती काटकी उरलेली, दगड धुरकटलेले. मागे बसलेला मित्र म्हणाला, "वीज पडली असणार." हे मी पूर्वीही पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. सोयीचंच आहे ते. विजेचं नाव घेतलं की माणसाचं घ्यावं लागत नाही.

सड्यावर पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. जांभ्याचा काळपट कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती, तीही तडकलेली. वायतुऱ्याचे कंद याच मातीत पावसाची वाट बघत असतात. शास्त्रीय नावातच सातारा असलेली ही वनस्पती आत्ता मात्र पत्ता लागू देत नाही. फुलांच्या फोटोंसाठी आलेल्याला इथे दहा मिनिटंही काढवणार नाहीत. मला मात्र कास असं उघडंबोडकं बघायला जास्त आवडतं.

तीनच्या सुमाराला पश्चिमेकडे ढगांचे डोंगर चढायला लागले. फोनवर 'दामिनी' ॲप होतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं. त्यात आजूबाजूला पडणाऱ्या विजा दिसतात. खुणा जवळ सरकायला लागल्यावर आम्ही सडा सोडला आणि बामणोलीच्या बाजूला उतरून एका पक्क्या घराच्या पडवीत थांबलो. उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो आणि एकट्या झाडाखाली जाणं तर त्याहून वाईट. मग वारा सुटला, पत्रे वाजले, पाठोपाठ गारा. अर्धा तास समोरचं काही दिसत नव्हतं. कडाडणं इतकं जवळचं, की मित्र दर वेळी कानांवर हात घ्यायचा.

पाऊस ओसरल्यावर घरच्या मामांनी वरच्या बांधावरचं जांभळाचं झाड दाखवलं. त्याच्यावर मागच्या उन्हाळ्यात वीज पडली होती. शेंड्याजवळून बुंध्यापर्यंत सालीची एक लांब पट्टीच उडालेली. विजेनं आतल्या ओलीची क्षणात वाफ होते आणि ती साल फोडून बाहेर पडते. झाड अर्धं वाळलेलं, अर्ध्याला पालवी. पण बुंध्याशी धायटीचं जुनं झुडूप तसंच उभं होतं, कुठेही जळाल्याची खूण नाही.

"मामा, वणवा नाही लागला तेव्हा?"

"कशाचा लागतोय? इजंसंगं पाऊस बी आला की. धूर निघाला नि इझलं."

"मग खालचा डोंगर कसा जळाला?"

मामा हसले. "काडीनं. कुणी गवत चांगलं फुटतंय म्हणून लावतंय, कुणाचं भाताचं तरवं भाजताना जाळ वर जातोय. आन् तुमच्यासारखी पोरं येत्यात, चूल मांडत्यात, तशीच सोडून जात्यात."

शेवटच्या वाक्यावर आम्ही दोघंही गप्प.

विजेनं जंगलं पेटतात हे खोटं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये कॅलिफोर्नियात काही दिवसांत हजारो विजा पडल्या आणि शेकडो ठिकाणी आगी लागल्या. त्यातल्या काही आगी एकत्र होऊन झालेल्या एका वणव्यानं दहा लाख एकरांहून जास्त रान खाल्लं. पण तिकडच्या त्या विजा कोरड्या. ढगाचा तळ उंच, खालची हवा शुष्क, त्यामुळे पाऊस जमिनीवर पोचायच्या आधीच वाफ होऊन जातो आणि खाली येते ती नुसती वीज. ज्या विजेचा प्रवाह क्षणभर जास्त टिकतो ती लाकूड पेटवते. कधी कधी आग बुंध्यात नाहीतर पालापाचोळ्याच्या थरात कित्येक दिवस धुमसत राहते आणि वारा मिळाला की बाहेर येते. कॅनडात तर जळणाऱ्या रानाचा मोठा वाटा विजेचाच.

आपल्याकडे वणव्यांचा जोर फेब्रुवारीपासून, म्हणजे आकाश निरभ्र असताना. विजा येतात त्या बहुतेक वळवासोबत, नंतर. क्वचित एखादी कोरडी वीज इथेही पडत असेल, पण त्या भरवशावर अख्खी उतरण काळी होत नाही. आणि 'गवत चांगलं येतं' हेही अर्धंच खरं. कोंब हिरवेगार फुटतात, पण हिरड्याची, गेळ्याची रोपं दरवर्षी जळतात, टिटवी-चंडोलांची जमिनीवरची अंडी जातात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. बामणोलीकडच्या उतारांवरची माती शेवटी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातच साठणार.

परतताना अंधार पडला होता. पाऊस आमच्या बाजूला झालेला, दरीपलीकडचा डोंगर कोरडाच राहिला असावा, कारण तिथे जाळाची एक वाकडी रेघ वर सरकत होती. मित्रानं या वेळी विजेचं नाव काढलं नाही. वनविभागाच्या 1926 वर फोन लावला. पलीकडच्यानं पहिला प्रश्न विचारला, जवळचं गाव कुठलं? आम्हाला धड सांगता येईना. शेवटी मागच्या वळणावरच्या टपरीवाल्याच्या हातात फोन दिला; त्यानं डोंगराचं, वाडीचं, वर जायच्या पायवाटेचंही नाव सांगितलं आणि वर "जाळ झोडपायला टहाळ्या घेऊन चार पोरं पाठवतो" असंही कबूल करून टाकलं.