आत्याच्या कॅसेट आणि आठ नंबरचा मोह

शनिवार पेठेतल्या आत्याच्या माळ्यावर तिच्या भजनी मंडळाच्या ३१ कॅसेट होत्या, सगळ्या नव्वद मिनिटांच्या. माझ्या जुन्या डेकचा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता. नवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळाला आणि उत्साहाच्या भरात मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाची ९६ हजार मोजमापं, प्रत्येक २४ बिटांचं) कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. एका बाजूची वेव्ह, म्हणजे न दाबलेली, फाइल दीड जीबीच्या वर. सगळं मिळून ९६ जीबी!

मग फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार. त्यात दाबण्याच्या ० ते ८ अशा पातळ्या असतात. काही सांगितलं नाही तर ५ लागते. पातळी कुठलीही घ्या, परत उलगडलेला आवाज शेवटच्या बिटापर्यंत तोच. आवाजाच्या मागच्या मोजमापांवरून पुढचं कसं असेल याचा अंदाज बांधायचा आणि जेवढा चुकला तेवढाच फरक साठवायचा, हे त्याचं काम. आकडा वाढवला की अंदाजासाठी खटपट जास्त, वेळ जास्त. हे ठाऊक असूनही ५ की ८ यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. एक बाजू पाचवर ९३० एमबी, आठवर ९२१. आत्याला हेडफोन लावून दोन्ही ऐकवलं. "दोन्हीत मी बेसूरच आहे," म्हणाली आणि कुकर बघायला उठली.

नऊ एमबीसाठी एवढी झकाझकी! फाइल लहान व्हायला आडवी येत होती ती टेपची खरखर. पेटीच्या सुराचा अंदाज बांधता येतो, खरखरीचा नाही. २४ बिटांतले खालचे आठ तर कॅसेटच्या बाबतीत निव्वळ खरखरच साठवतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पुरून उरलं.

दुसरी गोष्ट उशिरा सुचली. आत्याने ज्यावर भजनं रेकॉर्ड केली तो टेपरेकॉर्डर मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा होता. डावा-उजवा तंतोतंत सारखा असता तर फ्लॅकनेच दुसरा चॅनल जवळपास फुकटात बसवला असता. पण माझा स्टिरिओ डेक दोन्हीकडची खरखर वेगवेगळी उचलतो, त्यामुळे ती सवलत गेली. दोन्ही मिसळून एकच चॅनल केला. गाणं तेवढंच राहिलं, खरखर तीनेक डेसिबल उतरली. त्याआधी डेकच्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) छोटा स्क्रू अगदी हळू फिरवून टाळ सर्वात लख्ख वाजतो तिथे थांबवावा लागला. हेड तिरकं असताना मिसळलं की टाळांचा खणखणाट बोदा होतो. पहिल्या चार कॅसेटचा झाला, त्या पुन्हा रेकॉर्ड केल्या.

आता एक बाजू १२० एमबीच्या आसपास, सगळं सात-साडेसात जीबीत. पातळी शेवटी आठच ठेवली, एकदाच तर करायचंय. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण (त्या आवाजावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) असते, तिच्याशी ताडून बघायची सोय आहे. आत्यासाठीच्या पेनड्राइव्हवर कॉपी करून सगळ्या ६२ तपासल्या. एक नापास निघाली, ती परत कॉपी केली.