आधी पाचर, मग कानस

टेक्सासमधल्या ज्या दुकानात मी बंदुकांच्या दुरुस्तीचं काम बघतो, तिथे 1851 च्या कोल्ट नेव्ही या रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली प्रतिकृती आली. कॅलिबर .36. तक्रार नेहमीची: 25 यार्डांवर गोळी दहा इंच वर, तीन इंच डावीकडे. या रिव्हॉल्व्हरला मागची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, वेगळी नसतेच. घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) पूर्ण चढवला की त्याच्या टोकावरची खाच दिसते, तीच मागची साइट. पुढे नळीवर पितळेचा मणी. मणी मुळातच बुटका, त्यामुळे गोळी वर जाण्यात नवल नाही.

खटकलं ते दुसरंच. घोड्याची खाच आधीच कुणीतरी खोल करून ठेवली होती. मागची साइट खाली गेली की गोळी खाली येते, इथवर बरोबर. पण वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं तरी गोळ्या एका जागी पडत नव्हत्या, आणि ज्या बंदुकीचा नेम स्थिर नाही तिला कानस लावायचीच नसते. व्हिडिओ बघून कारागीर झालेल्यांना हे कोण सांगणार!

दोष पाचरीपाशी होता. या मॉडेलची नळी सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या) आसावर बसते आणि आडवी पाचर तिला धरून ठेवते. आसाचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला टेकलं पाहिजे. ते आखूड असेल, तर पाचर ठोकाल तशी नळी मागे ओढली जाते आणि तोंड वर उचलतं. तपासणं सोपं आहे. सिलिंडर काढा, नळी जराशी तिरकी फिरवून आसावर शेवटपर्यंत सरकवा. नळीचा खालचा भाग फ्रेमच्या कडेला येऊन मिळाला तर ठीक. कडेच्या मागे गेला, तर जेवढा गेला तेवढा आस आखूड. भोकाच्या तळाशी पोलादाची चकती घासून बसवली, सिलिंडर आणि नळीतली फट सुमारे 0.1 मिमी ठेवली. पाचर कितीही दाबा, फट तेवढीच. हे खरं कारखान्यात व्हायला हवं.

मग 20 ग्रेन (दारू मोजायचं वजनाचं माप) तीन-एफ, म्हणजे बारीक दाण्याची काळी दारू, .375 ची शिशाची गोळी, आणि दर सिलिंडरनंतर नळीत ओली चिंधी. काजळी साचली की नेम सरकतो. गोळ्या आता एकत्र पडल्या, आठ इंच वर.

दोन साइट्समधलं अंतर सुमारे 250 मिमी, 25 यार्ड म्हणजे 22,860 मिमी. आठ इंच खाली आणायला पुढची साइट 2.2 मिमी उंच हवी. मणी ज्या भोकात बसवला होता त्यावरच आडवा डोव्हटेल (तळाशी रुंद असलेली खाच) कापला, म्हणजे भोकही गेलं. खोली 1.5 मिमी, त्याहून जास्त गेलो असतो तर नळीची भिंत पातळ झाली असती. त्यात बसवलेलं पातं, म्हणजे नवी पुढची साइट, मुद्दाम एक मिलिमीटर जास्त उंच ठेवलं, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. इथे 0.1 मिमी घासलं की निशाण्यावर गोळी 9 मिमी वर सरकते, म्हणून दोन-तीन हात फिरवायचे, पाच गोळ्या मारायच्या, परत घासायचं.

डावीकडची चूक काढायला पुढची साइट डावीकडेच न्यायची. इथे बरेच जण उलटं करतात. पितळी पंचने 0.8 मिमी सरकवली आणि कडेला टोच्याने दाबून पक्की केली.

खोल केलेली खाच मात्र रुंद झालीय, पात्याच्या दोन्ही बाजूंना नको इतका उजेड दिसतो. नवा घोडा बसवायचा म्हटलं तर खाचेची उंची बदलणार आणि पातं पुन्हा घासावं लागणार. गिऱ्हाईक अजून विचार करतंय.